पदकाच्या कडेवरचे नाव आणि बाजारातले भाव

पुणे, प्रतिनिधी

चांदीच्या भावाने २०२५ मध्ये किलोमागे एक लाख रुपयांचा टप्पा मागे टाकला आणि घराघरांतील जुन्या चांदीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. वाट्या, फुलपात्री, करदोडे यांच्या जोडीने काही घरांतून आणखी एक वस्तू सराफाच्या तराजूवर येऊ शकते. ती म्हणजे पणजोबांना पहिल्या महायुद्धानंतर मिळालेले चांदीचे पदक. 'ब्रिटिश वॉर मेडल' या नावाच्या त्या पदकात तीस ग्रॅमच्या आसपास चांदी असते. एक लाखाच्या भावाने तिची किंमत जेमतेम तीन हजार रुपये होते. पदक एकदा मुशीत गेले, की त्याच्या कडेवर कोरलेला एका शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कायमची नाहीशी होते. अनेकदा त्या माणसाच्या सैनिकी सेवेचा घरात उरलेला हा एकमेव पुरावा असतो.

शिरूर तालुक्यातील केंदूरसारख्या कोरडवाहू गावांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. पुणे, सातारा, नगर, रत्नागिरी आणि कुलाबा या जिल्ह्यांतून इंग्रजी अमदानीत पिढ्यान् पिढ्या सैन्यभरती झाली. शिरूर, म्हणजे घोडनदी, ही तर एके काळी लष्करी छावणीच होती. 'पूना हॉर्स' या प्रसिद्ध घोडदळाची उभारणी या परिसराशी निगडित आहे. केंदूरपासून फारशा दूर नसलेल्या कोरेगाव भीमा येथील स्तंभ या इतिहासाची सर्वांत ठळक खूण आहे. अशा प्रदेशात जुनी पदके घरोघर असणे स्वाभाविक असले, तरी ती कशी वाचावीत याची माहिती मात्र क्वचितच आढळते.

जर्मन पद्धत : निर्मात्याचा क्रमांक

पदकांच्या जागतिक बाजारात सर्वाधिक मागणी आणि सर्वाधिक नकला जर्मन पदकांच्या आहेत. त्यामुळे 'खूण वाचण्या'चे शास्त्रही तेथेच सर्वाधिक विकसित झाले. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याने १० मार्च १८१३ रोजी 'आयर्न क्रॉस' हे पदक सुरू केले. पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ या वर्षांच्या युद्धांत त्याचे पुनरुज्जीवन झाले. मूळ पदक तीन भागांचे असते. मध्ये काळ्या रंगाचा लोखंडी गाभा आणि त्याला दोन्ही बाजूंनी डाग देऊन जोडलेली चांदीची चौकट, अशी त्याची रचना असते. एकसंध ओतलेल्या नकली पदकात चौकटीचा सांधा दिसत नाही. ओतकामात धातू आकसत असल्याने अशी नक्कल मापातही किंचित लहान भरते.

या पदकावर ज्याला ते मिळाले त्याचे नाव नसते. असलीच तर निर्मात्याची खूण असते. पहिल्या महायुद्धाच्या काळातील पदकाच्या कडीवर 'केओ' ही रोमन अक्षरे असली, तर ते बर्लिनच्या सरकारी टांकसाळीचे समजले जाते. '८००' हा आकडा निर्मात्याचा नसून चांदीच्या शुद्धतेचा, म्हणजे हजारात आठशे भागांचा असतो. नवशिके संग्राहक अनेकदा येथेच फसतात.

हिटलरच्या राजवटीत या खुणांना शिस्तबद्ध रूप आले. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने मान्यताप्राप्त कारखान्यांना क्रमांक दिले आणि अधिकृत प्रदानासाठी तयार झालेल्या पदकांवर ते उमटू लागले. दुसरीकडे, पदक मिळालेल्या सैनिकाला दुकानातून आणखी एखादे पदक स्वखर्चाने विकत घेता येत असे. अशा विक्रीच्या पदकांसाठी उत्पादकांच्या संघटनेने वेगळी क्रमांकमाला ठरविली. तिच्यात आकड्याआधी रोमन लिपीतील 'एल' हे अक्षर आणि तिरकी रेघ असे. १९४१ पासून ती खूण सक्तीची झाली. परिणामी एकाच कारखान्याला दोन ओळखी मिळाल्या. ल्यूडेनशाइडच्या स्टाइनहाउअर उंड ल्यूक या कारखान्याचा सरकारी क्रमांक ४ आणि दुकानी क्रमांक 'एल/१६'. बर्लिनच्या सी. ई. युंकरचा सरकारी क्रमांक २, तर दुकानी क्रमांक 'एल/१२'. म्युनिकच्या देशलर उंड झोनचा सरकारी क्रमांक १ होता, तर इडार-ओबरश्टाइनच्या क्लाइन उंड क्वेन्झरचा ६५.

भारतीय वाचकाला यासाठी सोन्याच्या हॉलमार्कचे उदाहरण जवळचे वाटेल. २०२१ पासून दागिन्यांवर टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालेला सहा आकडी-अक्षरी क्रमांक खरेदीदाराला शुद्धतेची हमी देतो, कारण त्यामागे तपासता येण्याजोगी नोंद असते. जर्मन पदकांच्या बाबतीत असे दप्तर खरेदीदारापुढे नसते. आकडा ठोकायला लोखंडी ठसा आणि हातोडी पुरते. म्हणूनच अनुभवी संग्राहक केवळ खुणेवर विसंबत नाहीत. त्या कारखान्याच्या साच्यातील बारकावे, आकड्यांची घडण, कडीचा जोड, पिनेचा आकार आणि खुणेची नेमकी जागा हे सारे एकमेकांशी जुळते का, हे ते पाहतात. चौकट एका कारखान्याची आणि क्रमांक दुसऱ्याचा, असे आढळल्यास संशयाला जागा आहे. लोहचुंबकाची कसोटीही निर्णायक नव्हे. नकली पदकातही लोखंड घालता येते आणि काही अस्सल पदकांचा गाभा पितळेचा असतो.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. पश्चिम जर्मनीने २६ जुलै १९५७ च्या कायद्यान्वये महायुद्धातील पदके स्वस्तिकचिन्हाविना परिधान करण्यास मुभा दिली. जुन्याच काही कारखान्यांनी मग ही नवी आवृत्ती तयार केली. म्हणजे कारखाना अस्सल, कारागिरी अस्सल. परंतु पदक युद्धकाळातले नव्हे. निर्मात्याची खूण 'कोणी घडवले' हे सांगते. 'केव्हा घडवले' हे सांगेलच असे नाही. या शास्त्रातील हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे.

व्हिएन्नात घडलेली आझाद हिंदची पदके

हा धडा भारतीयांना थेट लागू पडतो तो 'आझाद हिंद'च्या पदकांच्या बाबतीत. नेताजी सुभाषचंद्र बोस १९४१ ते १९४३ या काळात जर्मनीत होते. बर्लिनमध्ये 'फ्री इंडिया सेंटर' सुरू झाले आणि उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून तेथे एक भारतीय पलटण उभी राहिली. या घडामोडींचे जवळून साक्षीदार असलेले मराठी गृहस्थ ना. गो. गणपुले यांनी नेताजींच्या जर्मनीतील वास्तव्यावर पुढे इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले.

नेताजींनी १९४२ मध्ये आझाद हिंदची पदके स्थापन केली. 'शेर-ए-हिंद', 'सरदार-ए-जंग', 'वीर-ए-हिंद' आणि 'शहीद-ए-भारत' ही त्यांची नावे. प्रत्यक्ष रणांगणावरील कामगिरीसाठी तलवारींसह, तर अन्य सेवेसाठी तलवारींविना, असा भेद त्यांत होता. नावे हिंदुस्थानी असली, तरी घडण व्हिएन्नाची. रुडॉल्फ सूव्हाल या कारखान्याने ती तयार केली. जर्मन पदकांवर 'एल/५८' ही खूण उमटविणारा तो हाच कारखाना.

युद्ध संपले, पण सूव्हालचे साचे शिल्लक राहिले. संग्राहकांची मागणी पाहून या कारखान्यातून युद्धानंतरही जुन्या पदकांच्या प्रती निघत राहिल्या. परिणामी आज बाजारात येणारे आझाद हिंदचे पदक 'मूळ साच्यातले' असूनही नेताजींच्या काळातले नसण्याची शक्यता मोठी आहे. विक्रेता 'सूव्हालचे अस्सल पदक' असे सांगतो, तेव्हा तो शब्दशः खोटे बोलत नसतो. मात्र खरेदीदार जे समजतो, तेही खरे नसते. आझाद हिंद फौजेविषयी महाराष्ट्रात असलेली आत्मीयता लक्षात घेता अशा पदकांसाठी भावनेपोटी मोठी रक्कम मोजण्यापूर्वी कागदपत्रांचा आग्रह धरणे अगत्याचे ठरते. प्रदानपत्र, छायाचित्र, सेवेची नोंद यांपैकी काहीच नसेल, तर ते पदक स्मरणवस्तू म्हणून घ्यावे. ऐतिहासिक पुरावा म्हणून नव्हे.

इंग्रजी पद्धत : शिपायाचे नाव

इंग्रजांची रीत याच्या नेमकी उलट. तेथे निर्मात्याची खूण दुय्यम असून पदक मिळालेल्या माणसाचे नाव महत्त्वाचे असते. पहिल्या महायुद्धातील चांदीच्या पदकाची आणि काशाच्या 'व्हिक्टरी मेडल'ची कड भिंगाखाली पाहिली, तर तेथे सेवाक्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली दिसते. १९१४-१५ च्या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हाच मजकूर पाठीमागे असतो. व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक लंडनच्या हॅनकॉक्स या पेढीत तयार होते. त्याच्या अडकवण्याच्या दांडीमागे वीराचे नाव आणि क्रॉसच्या पाठीवर पराक्रमाची तारीख कोरलेली असते.

अर्थात टांकसाळीचा फरक येथेही पाहावा लागतो. हिंदुस्थानातील अनेक मोहिमांची पदके लंडनच्या रॉयल मिंटमध्ये आणि कोलकात्याच्या टांकसाळीत अशी दोन्हीकडे पाडली गेली. १९०८ च्या 'इंडिया जनरल सर्व्हिस मेडल'मध्ये पदकाला दांडी जोडणारा पंजा लंडनच्या पदकात नक्षीदार, तर कोलकात्याच्या पदकात साधा असतो. नाव घालण्याची ढबही वेगवेगळी आहे. त्यामुळे कोलकात्याचे पदक 'वेगळे दिसते म्हणून खोटे' असा निष्कर्ष घाईचा ठरेल.

कोरेगावच्या लढाईसंबंधीचे पदक हे याचे उत्तम उदाहरण आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी झालेल्या या लढाईसाठी कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी आदल्या रात्री शिरूरहूनच निघाली होती. मात्र या लढाईसह १७९९ ते १८२६ या काळातील मोहिमांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' मंजूर झाले ते थेट १८५१ मध्ये आणि तेही तोवर हयात असलेल्यांनाच. लढाईनंतर तेहतीस वर्षांनी जे जिवंत होते, त्यांच्याच छातीवर 'कोरेगाव' ही पट्टी झळकली. त्यामुळे ती अत्यंत दुर्मीळ आहे. याच पदकावर 'किरकी', 'पूना', 'असई', 'अरगाव', 'गाविलगड', 'सीताबर्डी' आणि 'नागपूर' अशा पट्ट्याही होत्या. महाराष्ट्राच्या भूगोलाचा एक तुकडाच जणू त्यावर उतरला आहे. दुर्मीळतेमुळे किंमत आणि किमतीमुळे बनावट, हा क्रम येथेही चुकलेला नाही. साधे पदक घेऊन त्यावर दुर्मीळ पट्टी चढविणे, हा त्यातील जुना मार्ग होय.

स्तंभावर नाव, स्मारकावर केवळ आकडा

नावाचे महत्त्व का, हे समजण्यासाठी मेसोपोटेमियाकडे पाहावे लागेल. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे गेली. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी मराठा पलटण होती. कूत-अल-अमाराच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी या डिव्हिजनने शरणागती पत्करली आणि हजारो सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. त्यांतील अनेक परतले नाहीत. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मरण पावलेल्या आणि ज्ञात थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली गेली; हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. सामान्य हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक केवळ आकडा देण्यात आला.

राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. किमान एक लाख सोळा हजार मृतांचे नावानिशी स्मरण झाले नसावे किंवा स्मरणच झाले नसावे, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. मृतांत प्रामुख्याने पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधील लोक होते. या पार्श्वभूमीवर घरच्या पेटीतील पदकाचा अर्थ बदलतो. ज्या सत्तेने दगडावर शिपायाचे नाव घालण्याचे टाळले, तिच्याच टांकसाळीने ते त्याच्या पदकाच्या कडेवर ठोकले होते. मृताच्या वारसाकडे पाठविलेले असे पदक वितळले, तर त्या माणसाची घरी असलेली शेवटची नोंद वितळते.

पंजाबमधील सुमारे तीन लाख वीस हजार सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सुरक्षित राहिल्या होत्या. २०२१ पासून त्या सर्वांना पाहता येऊ लागल्या. गावाचे नाव घातले, की त्या गावातून कोण गेले हे कळते. दख्खनच्या जिल्ह्यांना या वह्यांचा उपयोग नाही. येथे गावातील संगमरवरी पाटी, पलटणीचे दप्तर आणि घरातील पदक यांचाच मेळ घालावा लागतो. 'या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले' अशा पाट्या अनेक खेड्यांच्या चावडीत वा देवळाजवळ दिसतात. त्यांवरही बहुधा आकडेच असतात.

कडेवरचा मजकूर कसा वाचावा

पदक वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. पहिली बाब म्हणजे नावाची वर्तणी. इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आले तसे लिहिले. त्यामुळे एकच आडनाव वेगवेगळ्या पदकांवर निराळे दिसते. एकाच पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. म्हणून नावापेक्षा सेवाक्रमांक निर्णायक मानावा.

दुसरी बाब पलटणीच्या आकड्याची. १९२२ च्या पुनर्रचनेत जुने क्रमांक गेले आणि सहा मराठा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री तयार झाली. १०३ वी ही तिची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी दहावी. नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत प्राणार्पण करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला ते याच तिसऱ्या बटालियनमध्ये. पुढील वर्षी एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर तोच सन्मान मिळविणारे शिपाई नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे होते. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली. उण्यापुऱ्या चार वर्षांच्या या पलटणीचे नाव कडेवर आढळल्यास ते पदक विशेष जपले पाहिजे. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या महार रेजिमेंटने आपल्या पहिल्या टोपीचिन्हात कोरेगावचा स्तंभ घेतला होता, हेही येथे स्मरणीय आहे.

तिसरी बाब धातूची. दुसऱ्या महायुद्धातील 'इंडिया सर्व्हिस मेडल', 'वॉर मेडल' आणि 'डिफेन्स मेडल' ही हिंदी सैनिकांना मिळालेली पदके चांदीची नसून तांबे-निकेलच्या मिश्रणाची आहेत. मोड म्हणून त्यांचे मोल नगण्य आहे. पितळ-काशाच्या ताऱ्यांचेही तेच. याउलट पहिल्या महायुद्धातील चांदीच्या पदकाला वितळण्याचा धोका सर्वाधिक आहे. १९८० च्या प्रारंभी जगभर चांदीचे भाव भडकले, तेव्हा ब्रिटनमध्येही ही पदके मोठ्या प्रमाणावर मुशीत गेली होती.

चौथी बाब फसवणुकीची. सामान्य शिपायाचे नाव घासून तेथे प्रसिद्ध पलटणीचे वा अधिकाऱ्याचे नाव घालण्याचा प्रकार जुना आहे. कड घासली, की पदकाचा ३६ मिलिमीटरचा व्यास किंचित घटतो. सोनाराकडील व्हर्नियरने मोजल्यास ते कळू शकते. मूळ नाव ठशांनी दाबलेले असते आणि नंतरचे बहुधा कोरलेले. मात्र १८५१ च्या पदकावर ठशांची अक्षरे आणि कोरलेली वळणदार लिपी असे दोन्ही प्रकार अस्सल आढळतात. त्यामुळे एकच नियम सर्वत्र लावून चालत नाही.

कायदा आणि कुटुंब

पुरावस्तू व कलावस्तू कायदा १९७२ मध्ये संमत होऊन १९७६ पासून अमलात आला. नाणी, शिल्पे, चित्रे आणि कलाकुसरीच्या वस्तू शंभर वर्षे जुन्या झाल्या, की त्या पुरावस्तूंच्या व्याख्येत येतात. अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापारासाठी परवाना लागतो. १९१९ मध्ये मंजूर झालेल्या आणि त्यानंतरच्या वर्षांत वाटल्या गेलेल्या पदकांनी हा उंबरठा ओलांडला आहे. कायद्याच्या व्यापक शब्दांत त्यांचा समावेश होऊ शकतो, हे लक्षात घेता टपालाने परदेशी ग्राहकाला पदक पाठविणे हा वाटतो तितका निरुपद्रवी व्यवहार नाही. पदक घरात ठेवण्यास मात्र कायद्याची कसलीही आडकाठी नाही.

तरीही केवळ कायद्याने हा वारसा वाचणार नाही. काही हजार रुपयांच्या चांदीसाठी पदक मोडणाऱ्या कुटुंबाला दोष देणे सोपे आहे. त्या कुटुंबाला कडेवरचा मजकूर कोणी वाचून दाखविला होता का, हा खरा प्रश्न आहे. यासाठी मोठ्या निधीची वा नव्या संस्थेची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीने गावातील पदकांच्या दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे घेऊन क्रमांक, नाव, पलटण यांची यादी करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने तिची प्रत ठेवावी. मराठा पलटणींच्या नावांसाठी बेळगावच्या आणि महार रेजिमेंटसाठी सागरच्या केंद्राशी पत्रव्यवहार करावा. शाळेतील मुलांनाही एक भिंग आणि एक वही घेऊन हे काम करता येईल. कुटुंबांनी पदक लखलखीत करण्यासाठी चिंच वा पावडरीने घासू नये, कारण झिजते ते नेमके अक्षर. फीत, दांडी आणि सोबतचा कागद वेगळे करू नयेत.

जर्मन पदकाचा संग्राहक एका आकड्यावरून कारखाना शोधतो आणि त्यासाठी हजारो रुपये मोजतो. केंदूर, पाबळ किंवा शिरूरच्या घरातील पदकावर कारखान्याऐवजी माणसाचे नाव आहे. बाजाराच्या दृष्टीने सामान्य शिपायाच्या पदकाला फारसा भाव नसेल. गावाच्या दृष्टीने मात्र आकड्यातून हरवलेला एक माणूस त्यातून परत मिळू शकतो. त्यासाठी ते पदक सराफाकडे जाण्यापूर्वी एकदा भिंगाखाली जाणे आवश्यक आहे.